जुन्या अॅम्बेसेडरचं इंजिन: आधी मोजा, मग उघडा, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

जुनी गाडी ओढेनाशी झाली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक मिस्त्री बॉनेट उघडल्या उघडल्या स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) तुटून पडतो. दुसरा सायलेन्सरचा धूर पाहतो आणि 'फुल इंजिन करावं लागते' म्हणून मोकळा होतो. दोघांनीही काहीच मोजलेलं नसतं. नागपुरात शेडमध्ये पडून असलेल्या जुन्या गाड्यांचं नुकसान गंजानं जेवढं केलं, तेवढंच या दोन सवयींनी केलं असं माझं मत आहे. या लेखात कामाचा क्रम आहे, आणि तो क्रम मोडायचा नाही हीच त्यातली मुख्य गोष्ट.

उदाहरणाला अॅम्बेसेडर मार्क २ चं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन घेतलंय. ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) बी-सीरिज. बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९, तीन मेन बेअरिंग, कास्ट आयर्न हेड, पुशरॉडवर चालणारे आठ व्हॉल्व्ह, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं, पण कामाचा क्रम तोच. नंतरच्या काळात आलेलं इसुझूचं १८०० इंजिन किंवा डिझेल असेल तर इथले आकडे लावू नका. मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आधी मिळवा. इथे दिलेले आकडे अंदाज यावा म्हणून; शेवटचा शब्द पुस्तकाचा.

वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिन

बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह आवरा. धक्का मारून किंवा दोरीनं ओढून चालू करायचा तर विचारही नको. पिस्टनवरच्या रिंगा बोअरला चिकटलेल्या असतील तर असल्या जबरदस्तीनं रिंग तुटते आणि बोअरवर रेघ ओढते.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि डिझेल अर्धं-अर्धं मिसळून दोन-तीन चमचे सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलवा, किंवा अॅम्बेसेडरला हँडल असतंच, त्यानं अलगद प्रयत्न करा. केसभर हलली तरी पुरे. परत तेल सोडा, परत थांबा. पूर्ण फेरा फिरायला लागली की रॉकर कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते पाहा. एखादा अडकलेला असेल आणि तुम्ही सेल्फ मारलात तर पुशरॉड वाकतो.

त्यानंतर जुनं तेल काढा, नवं भरा, फिल्टर बदला. प्लग न लावता, इग्निशनची वायर काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत सेल्फ फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल गाडीत वापरू नका, स्वस्त पडेल म्हणून तर अजिबात नाही. आणि बॅटरी जोडण्याआधी एक पाहा: ब्रिटिश वळणाच्या जुन्या गाड्यांत बॉडीला निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह जोडलेलं असू शकतं. तारा मळलेल्या असल्या तरी कोणती कुठे जाते ते शोधा, मगच टर्मिनल कसा.

उघडण्याआधी मोजायचं

दोन मीटर विकत घ्या: कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्युम गेज. दोन्ही मिळून एका हेड गॅस्केटच्या मजुरीपेक्षा महाग पडत नाहीत.

कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेले आकडे बिनकामाचे. चांगल्या तब्येतीच्या या इंजिनात ११० ते १३० पीएसआयच्या आसपास दिसतं, पण आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायचं कारण नाही. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

व्हॅक्युम गेज इनटेक मॅनिफोल्डला लावायचा. पुस्तकं सांगतात की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) काटा १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याचे इंच) स्थिर हवा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. इथे त्यातला साधारण एक इंच वजा धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर ठिणगीचं टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय. ठरावीक तालात एकच झटका बसत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलाय. भुरभुर थरथरत असेल तर व्हॉल्व्हची गाइड (त्याचा दांडा जिच्यात सरकतो ती नळी) झिजलीय. आळसावल्यासारखा हळू पुढे-मागे झुलत असेल, तेव्हा आणि तेव्हाच कार्ब्युरेटरवर संशय घ्यायचा.

धुराचंही तसंच. जोर दिल्यावर निळा धूर येतो तो रिंगांचा. उतारावर पाय काढून परत अॅक्सिलरेटर दिल्यावर एक निळा भपका येतो तो गाइडचा, आणि त्यासाठी फक्त हेड काढावं लागतं, खालच्या इंजिनाला हात लावायची गरज नाही. माझ्या ओळखीचे एक उस्ताद फुल इंजिन करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवतात. "दादा, चारही सिलिंडर एकसारखे दाखवून राहिले, तुम्ही काऊन खोलून राहिले बाप्पा? आधी पॉइंट तं बदला." धंदा सोडून असं बोलणारा माणूस भेटला तर त्याला धरून ठेवा.

हाफ इंजिन, फुल इंजिन

उघडायचंच ठरलं तर ब्लॉक गाडीतच ठेवून हेड, रिंगा आणि बेअरिंग शेल बदलणं म्हणजे हाफ इंजिन. ब्लॉक उतरवून बोरिंग (सिलिंडर कातून मोठा करणं) आणि क्रँक ग्राइंडिंग म्हणजे फुल. कोणतं, ते हेड काढल्यावर बोअर गेज सांगेल. बोअर वरच्या बाजूला, मधे आणि तळाशी मोजायचा, प्रत्येक ठिकाणी लांबीच्या आणि आडव्या अशा दोन दिशांनी. वरच्या रिंगच्या जागेवर झीज सगळ्यात जास्त असते. वरच्या-खालच्या मापात आठ-दहा थाऊंहून (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याहून कमी असेल तर होनिंग (बोअरला आतून बारीक घासणं) करून रिंगा चालतात. मात्र बोअरच्या तोंडाशी जी कड तयार झालेली असते ती आधी काढायला लावा, नाहीतर नवी वरची रिंग तिच्यावर आपटून तुटते.

खोलताना मोबाइलवर फोटो काढा, हे आता सगळेच करतात. फोटोत दिसत नाही ती गोष्ट म्हणजे भागांची जागा. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यांवर नंबर घाला आणि पुशरॉड, टॅपेट (कॅमवर टेकणारा गुटका) त्याच क्रमानं ठेवा. झिजलेला टॅपेट दुसऱ्या कॅमलोबवर बसवला की दोन्ही लवकर संपतात. कनेक्टिंग रॉडच्या कॅपला पंचनं खुणा करा. जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरडू किंवा घासू नका, ओलं करून काढा.

मशीन शॉपकडे जाण्याआधी पिस्टन विकत घ्या. आधी बोरिंग आणि मग पिस्टनचा शोध हा उलटा कारभार अजूनही होतो. ओव्हरसाइझ पिस्टन दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ असे येतात, पण बाजारात नेमका तुमचा साइझ मिळेलच असं नाही. हाती आलेला पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून, पुस्तकातलं क्लिअरन्स त्यात मिळवून, त्या मापाला बोअर करायला सांगा. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला चांगलं ग्राइंडिंग करणारी माणसं आहेत. त्यांच्याकडे जाताना 'बसवून द्या' म्हणू नका, कागदावर आकडा लिहून द्या. ब्लॉक परत घेताना स्वतः मोजा, कोणाला राग आला तर येऊ द्या.

ब्लॉक धुणं हे काम कोणी मनापासून करत नाही, आणि नव्या इंजिनाचं आयुष्य त्यावरच ठरतं. होनिंगची बारीक पूड रॉकेल किंवा पेट्रोलनं निघत नाही. ती बोअरच्या रेघांत बसून राहते आणि रिंगा खाते. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. तेलाच्या गॅलरीचे प्लग काढून आतूनही ब्रश फिरवा. मग पांढऱ्या सुती कापडावर थोडं इंजिन ऑइल घेऊन बोअर पुसा आणि कापड उजेडात धरा. करडा डाग दिसला तर परत धुवा. कापड पांढरं निघेपर्यंत. धुऊन झाल्यावर लगेच तेल चोपडा. पावसाळ्यात उघड्या कास्ट आयर्नवर तासाभरात तांबूस झाक येते.

जोडणीत दोन गोष्टी सांगतो, बाकी पुस्तकात आहे. रिंगचं तोंड मोजल्याशिवाय रिंग पिस्टनवर चढवू नका: रिंग बोअरमध्ये ठेवून पिस्टननं सरळ खाली सरकवा आणि फिलर गेज घाला, आठ ते तेरा थाऊंच्या दरम्यान हवं. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतील. दुसरं म्हणजे टॉर्क रेंच, नट किती जोरानं कसला ते दाखवणारा पाना. 'हाताला कळते' हे वाक्य ऐकलं की आपली गाडी उचला. हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमानं, तीन टप्प्यांत.

हेड उघडंच आहे तर व्हॉल्व्ह सीटचा विचार करून ठेवा. भारतात २००० सालापासून शिसंविरहित पेट्रोल आलं. या इंजिनाच्या कास्ट आयर्न सीटला पूर्वी त्या शिशाच्या थराचा आधार होता. रोज लांब पल्ला मारणार असाल तर एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घ्या. रविवारी फुटाळ्यापर्यंत जाऊन यायचं असेल तर सध्याच्या सीटवर लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून बसवणं) करून लक्ष ठेवलं तरी चालतं.

नवा कॅमशाफ्ट टाकला असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलिंगला सोडू नका. वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा. तेल मिनरल २०डब्ल्यू-५०, ज्यात झिंक-फॉस्फरसचं प्रमाण पुरेसं आहे असं. अगदी आधुनिक, पातळ, महागडं सिंथेटिक या इंजिनासाठी बनलेलंच नाही. हे सगळं उघड्यावर करा, शेडचं शटर लावून नाही, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी असू द्या.

नवतपात टिकायचं तर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ पार करतो, कूलरसमोर बसलेल्या माणसाचीही तारांबळ उडते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा हा आपल्याकडचा लाडका उपाय. त्यानं मूळ दुखणं झाकलं जातं आणि डिसेंबर-जानेवारीत इंजिन वेळेवर गरमच होत नाही, तेलात चिकट गाळ साचतो. थर्मोस्टॅट परत बसवा. उकळत्या पाण्यात टाकून उघडतो की नाही ते आधी बघा.

खरा दोष बहुतेक वेळा ब्लॉकच्या आत असतो. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेलं असतं. ब्लॉकच्या बाजूचे गोल कोअर प्लग काढा आणि तारेनं आत खरवडा, विशेषतः चौथ्या सिलिंडरच्या मागे. तिथून निघणारा तांबडा गाळ पाहिल्यावर गाडी का तापत होती ते वेगळं सांगावं लागत नाही. रेडिएटर नुसता फ्लश करून भागणार नाही, टाक्या उघडून नळ्यांत सळ्या घालून साफ करून घ्या. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, नळाचं पाणी नाही.

पेट्रोल बदललंय, गाडी नाही

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. जुन्या गाडीवर त्याचे तीन परिणाम होतात.

पहिला रबराचा. मूळ पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरची सीलं फुगतात किंवा तडकतात. इथेनॉलला टिकणारे, एसएई ३०आर९ लिहिलेले पाइप घ्या आणि क्लिपांसकट सगळे बदला. गळणारं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडलं तर काय होतं ते सांगायला नको. कुठे बुचाच्या लाकडाचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा भाग) असेल तर त्यावर लाखेचा लेप असतो, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश करणारे स्पिरिटमध्ये तीच तर विरघळवतात.

दुसरा पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, प्रमाण वाढलं की पाण्यासकट तळाशी बसतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धी ठेवू नका.

तिसरा मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल येतं ते बारीक भोक) इंजिनाला सात-आठ टक्के कमी पोषण मिळतं आणि ते लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतं. याचा उपाय कार्ब्युरेटरपाशी आल्यावर पाहू.

उन्हाळ्यात पेट्रोल पंपापाशीच उकळून गाडी बंद पडते, तो व्हेपर लॉक. पंपावर ओलं फडकं टाकायची टॅक्सीवाल्यांची युक्ती अजूनही चालते. कायमचा उपाय म्हणजे एक्झॉस्ट आणि पंपाच्या मधे पत्र्याचा आडोसा, कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटर आणि पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून लांबून नेणं.

ट्यूनिंग: टॅपेट, पॉइंट, टायमिंग, मग कार्ब्युरेटर

क्रम असाच, कारण प्रत्येक पायरी पुढचीला बिघडवते, मागचीला नाही.

टॅपेट लावणं म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट नीट करणं. त्याला नऊचा हिशोब लक्षात ठेवा. पुढून मागे व्हॉल्व्हना १ ते ८ नंबर द्या. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा नंबर नऊतून वजा करा. येईल तो व्हॉल्व्ह सेट करा. आठवा दाबलेला, तर पहिला. तिसरा दाबलेला, तर सहावा. प्लग काढलेले असले की हँडलनं एकटा माणूस आरामात करतो. गॅप बहुतेक ठिकाणी पंधरा थाऊ, इंजिन गरम असताना. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फिलर गेज खोटं सांगतो. रॉकर आधी घासून घ्या.

पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, उघडला की ठिणगी पाडणारा स्विच): लुकास डिस्ट्रिब्युटरला १४ ते १६ थाऊ, कॅमचा उंचवटा टाचेखाली असताना. प्लगला २५ थाऊ. कंडेन्सर नवा आणला म्हणून चांगलाच असेल असं नाही. जुना काम करत असेल तर जपून ठेवा. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट धरून बाजूला हलवून पाहा. तो खुळखुळत असेल तर तुम्ही कितीही बारीक गॅप लावा, प्रत्येक फेऱ्यात तो बदलणार; बुश बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॅक्युम अॅडव्हान्सची नळी तोंडानं ओढून जिभेनं बंद करा. ओढ टिकली तर डायफ्रॅम शाबूत, सुटली तर फाटलेला.

आता टायमिंग. बारा व्होल्टचा एक बल्ब, दोन वायरी. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या लो टेन्शन टर्मिनलला, दुसरी बॉडीला. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की दाब लागतो. पुलीची खाच टायमिंग कव्हरवरच्या ठरलेल्या काट्याशी आणा, नेहमी फिरण्याच्या दिशेनंच. पुढे गेली तर थोडं मागे नेऊन परत या, म्हणजे चेनचा ढिलेपणा मोजणीत येत नाही. रोटर पहिल्या वायरीकडे बघतोय ना ते तपासा. इग्निशन चालू. क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटरची बॉडी आधी रोटरच्या दिशेनं थोडी फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेनं अगदी हळू. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा, कारण पॉइंट त्याच क्षणी उघडला. क्लॅम्प कसा. बल्ब विझवून-पेटवून एकदा परत खात्री करा, क्लॅम्प कसताना बॉडी हमखास सरकते.

हे झालं पुस्तकातलं टायमिंग. ते ज्या पेट्रोलसाठी लिहिलं गेलं ते आज नाही. आजच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (अवेळी न भडकण्याची ताकद) तेव्हापेक्षा जास्त असतो, त्यामुळे थोडं पुढे घेतलं तर इंजिन खुलतं. एका वेळी एक-दोन अंश पुढे घ्या आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर वरच्या गिअरमध्ये जोर देऊन पाहा. धातूची टिकटिक ऐकू आली की तेवढंच मागे घ्या. ही परीक्षा दुपारी घ्या. सकाळच्या गारव्यात पास झालेलं टायमिंग मेच्या दुपारी नापास होतं.

कार्ब्युरेटरपाशी आता आलो. खोलून साफ करताना जेटमध्ये तार घालू नका, हवेनं फुंकून काढा. तारेनं भोक मोठं होतं आणि त्यावरचा नंबर खोटा ठरतो. फ्लोटची पातळी पुस्तकाप्रमाणे. थ्रॉटलच्या दांड्याला खेळ असेल तर तिथून हवा शिरते. चालू इंजिनात कार्ब्युरेटर क्लीनरचा छोटा फवारा तिथे मारा, आवाज बदलला तर बुश करा.

सोलेक्स कार्ब्युरेटरच्या मेन जेटवरचा नंबर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० चा १२५ केला की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे इथेनॉलची तूट एका पायरीत जवळजवळ भरून निघते. मात्र आपलं इंजिन आधीच रिच (पेट्रोल जास्त) चालत असेल तर या वाढीची गरज नाही. म्हणून जेट बदलण्याआधी प्लग पाहा. आयडलिंगचा मिश्रण स्क्रू हळूहळू फिरवून व्हॅक्युमचा काटा सर्वांत वर जाईल तिथे आणा, मग स्पीड स्क्रूनं आयडलिंग खाली, मग परत मिश्रण. दोन-तीन फेऱ्यांत बसतं.

रस्त्यावर

कामठी, मनसर करत रामटेक हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता परीक्षेला उत्तम: सपाट, लांब, आणि शेवटी गडमंदिराचा चढ. सपाट मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर एकाच वेगानं चालवा, मागे कोणी नाही पाहून क्लच दाबा, इग्निशन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. मग प्लग काढा. आयडलिंग करत घरी येऊन काढलेला प्लग फक्त आयडलिंगचीच गोष्ट सांगतो. शिसं नसल्यानं आता तो खणखणीत तपकिरी रंग येत नाही. पोर्सेलिनच्या अगदी मुळाशी फिकट तपकिरी कडी दिसली की झालं. पांढरा फटक असेल तर लीन, काळा भुसभुशीत असेल तर रिच.

कागदांचं थोडक्यात. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, आणि इंजिनात मोठे बदल केलेले असतील तर नोंदणीच अडकते. म्हणून दुसऱ्याच गाडीचं इंजिन टाकायचा सोपा मार्ग सुचवणाऱ्याचं ऐकण्याआधी आरसीवरचा इंजिन नंबर आठवा.

पाचशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, हेडचे नट परत टॉर्क करा, आणि नटांमुळे बदललेले टॅपेट परत लावा. टॅपेट लावण्याआधी प्रत्येक एक्झॉस्टचा गॅप किती सापडला ते वहीत लिहा, नंतरही दर दीड-दोन हजार किलोमीटरला. तो गॅप सारखा कमीच होत जात असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय, आणि हेड काढून कडक सीट बसवायची वेळ आली. आकडा जागेवर असेल तर हेडला हात लावू नका.